गुणवत्तेला भांडवलाची अट

मोटारशर्यतीत सर्वांत वेगवान चालकच पुढे जातो, ही भाबडी समजूत होय. ब्रिटनच्या जेमी चॅडविकचे उदाहरण पाहावे. २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमधील शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. २०१९ च्या आरंभी चेन्नईत तिने एमआरएफ चॅलेंज स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. पुढे स्त्रियांच्या डब्ल्यू सीरिजमध्ये २०१९, २०२१ व २०२२ अशी तीन अजिंक्यपदे. तरीही फॉर्म्युला टूमध्ये तिला जागा लाभली नाही. २०२३ साली ती अमेरिकेतील स्पर्धांकडे वळली.

तिची योग्यता किती, हा वाद निराळा. त्याचा निकाल शर्यतीतच लागावयास हवा होता. परंतु कनिष्ठ श्रेणींत चालकाला वेतन नसते. संघातील जागेसाठी बहुधा त्यालाच पित्याच्या वा पुरस्कर्त्याच्या बळावर रक्कम मोजावी लागते. वरच्या पायरीगणिक ती वाढते. डब्ल्यू सीरिजने हे शुल्क घेतले नाही. पण २०२२ मध्ये निधीअभावी तिचाच हंगाम अर्धवट गुंडाळला गेला.

संघांच्या खर्चावर कडक मर्यादा आणि विजेत्यास वरच्या श्रेणीत विनाशुल्क जागा, एवढे तरी नियामकांनी करावे. एरवी या खेळाला स्पर्धा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग ठरेल.