फुटेज आहे, पण उघडत नाही!



गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या मिरवणुकीचे चित्रीकरण पाच जणांनी केले. दोघांकडे आयफोन, दोघांकडे अँड्रॉइड आणि एकाने भाड्याने आणलेला कॅमेरा. सगळे एकत्र करून अर्ध्या तासाची फिल्म करायची असे ठरले होते. आज ती फिल्म कुठे आहे? कुठेच नाही.

एकाचे फुटेज व्हॉट्सॲपवरून आले, ते इतके दबलेले की पुढे चालणाऱ्या आजींचा चेहरा ओळखू येईना. दुसऱ्याची फाइल विंडोजवर उघडेना. तिसऱ्याची हार्ड डिस्क मॅकवर दिसायची, पण तिच्यावर काही कॉपी होत नव्हते. चौथ्याने घेतलेल्या भाषणात जसजसे भाषण पुढे जाते तसतसा आवाज ओठांच्या मागे पडत जातो. आणि ज्याने एडिटिंगला सुरुवात केली होती तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला. त्याचा प्रोजेक्ट इतर कुणाच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही.

यात कुणाचीही नियत खराब नव्हती. मग चुकले काय? शूटिंग कुठे करायचे हे आपण ठरवले, पण फुटेज एकमेकांना कसे द्यायचे हे ठरवलेच नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, "चळवळीने विचारांवर बोलावे, कोडेक आणि फॉरमॅटच्या भानगडीत कशाला पडावे?" त्यांना माझा एकच प्रश्न आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 1956 साली झाले आणि त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड शासनाने काढला 1979 साली. मधली 23 वर्षे कुणाची गेली? साहित्य असणे आणि ते लोकांच्या हाती असणे यात किती अंतर असते, हे आपल्याइतके कुणाला कळावे? आज आपले फुटेज असेच कुणाच्या तरी ड्रॉवरमधल्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे.

दुसरे म्हणजे, हा न्यायाचाही प्रश्न आहे. गावात अत्याचार होतो तेव्हा पहिला व्हिडिओ बहुतेक वेळा आपल्याच पोराच्या मोबाईलमध्ये असतो. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. फाइल व्हॉट्सॲपवर दाबली गेली किंवा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलली की हा ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. जे काही करायचे ते प्रतीवर करायचे.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावे. मला हे मान्य नाही. एक तर सगळ्यांना परवडणार नाही. दुसरे, एका कंपनीच्या भरवशावर आपला इतिहास ठेवणे धोक्याचे आहे. 2011 साली ॲपलने फायनल कट प्रो टेन आणले, तेव्हा त्यात जुन्या फायनल कट सेव्हनचे प्रोजेक्ट उघडतच नव्हते. वर्षानुवर्षे त्यावर काम केलेले व्यावसायिक एडिटरसुद्धा अडचणीत आले. तिथे आपली काय कथा?

आपल्याला हा धडा नवा नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले पत्रक दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नेले की अक्षरांचा चिवडा व्हायचा, आठवते ना? सगळ्यांनी एकच कॉम्प्युटर घेतला म्हणून तो प्रश्न सुटला नाही. युनिकोड हे सामाईक प्रमाण स्वीकारले म्हणून सुटला. व्हिडिओचेही तेच आहे. साधन ज्याचे त्याचे, देवाणघेवाणीचा नियम सगळ्यांचा.

तो नियम असा असावा:

1. देवाणघेवाणीची हार्ड डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. ती विंडोज, मॅक आणि आताच्या लिनक्सवरही चालते. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचे सगळे जाते, म्हणून आधी बॅकअप घ्या.

2. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असेल तर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

3. शूटिंगच्या आधीच फ्रेम रेट ठरवा. 25 किंवा 30, पण सगळ्यांचा एकच. मोबाईलचा फ्रेम रेट शूटिंग चालू असताना बदलत राहतो, त्यामुळे आवाज सरकतो. एडिटिंगच्या आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटची प्रत काढा.

4. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. मग तो सहसा एचइव्हीसीऐवजी एच.264 मध्ये रेकॉर्ड करतो आणि ते जवळपास सगळीकडे उघडते.

5. अर्धवट एडिटिंग दुसऱ्याकडे देताना नुसती प्रोजेक्ट फाइल देऊ नका. एक्सएमएल किंवा ईडीएल काढा, सोबत सगळे मूळ फुटेज आणि आतापर्यंतच्या कामाची एक तयार एमपी4 द्या. ईडीएलमधून कट जातात; इफेक्ट, रंग आणि शीर्षके बहुधा जात नाहीत. ती एमपी4 पाहूनच पुढच्याला तुमच्या मनात काय होते ते कळेल.

6. मराठी शीर्षके आणि सबटायटल युनिकोडमध्येच करा. सबटायटलची एसआरटी फाइल वेगळी ठेवा.

7. मूळ फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. फोल्डरच्या नावात तारीख, गाव आणि कार्यक्रम.

यातल्या एकाही गोष्टीला सॉफ्टवेअरचा खर्च नाही. लागते ती शिस्त आणि "माझे फुटेज" हा अहंकार सोडण्याची तयारी. हा दुसरा भाग जास्त अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो. आपल्यातलेच काही जण फुटेज दाबून बसतात, कारण नाव दुसऱ्याचे होईल अशी भीती असते. नाव प्रत्येकाचे द्या, श्रेयनामावलीत ठळक द्या. पण फुटेज अडवू नका.

प्रस्थापित माध्यमे आपल्याला दाखवत नाहीत, ही तक्रार आपण रोज करतो आणि ती खरीही आहे. पण आपण स्वतः जे चित्रित केले तेही आपण दाखवू शकलो नाही, तर त्याचा दोष कुणाला देणार? येत्या कार्यक्रमाच्या नियोजनाच्या बैठकीत मंडप, स्पीकर आणि जेवणाबरोबर हाही विषय अजेंड्यावर घ्या. दहा मिनिटे पुरतील.

जय भीम!