मोटारींतील नाद आणि सुशिक्षितांची उदासीनता

हल्लीं आपल्या सुशिक्षित वर्गांत असा एक समज रूढ झाला आहे कीं, कारखान्यांतून मोटारीबरोबर जो ध्वनिसंच येतो त्यांत बदल करणें हें उनाड तरुणांचें काम. सभ्य गृहस्थानें कंपनीनें दिलें तें गोड मानून घ्यावें. दहा-बारा लाख रुपये मोजणारे, छताला उघडती कांच हवी म्हणून महिनोन् महिने थांबणारे, चाकांच्या चकचकाटासाठीं वरच्या किंमतीचा प्रकार निवडणारे गृहस्थ गाडींतील गाणें मात्र कसेंहि वाजलें तरी चालवून घेतात, आणि कोणीं चांगले स्पीकर बसविले तर "काय ही चैन!" म्हणून नाक मुरडतात. डोळ्यांची हौस ती अभिरुचि आणि कानांची हौस ती चैन, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

या पक्षाचा पहिला मुद्दा तज्ज्ञतेचा. गाडी घडविणाऱ्या अभियंत्यांहून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला अधिक कळतें काय, असें विचारण्यांत येतें. प्रश्न बिनतोड दिसतो, पण तो भलत्याच माणसाविषयीं आहे. अभियंत्याला पुष्कळ कळतें. परंतु दारांत कोणत्या किंमतीचा स्पीकर बसावा याचा निकाल केवळ त्याच्या ज्ञानावर होत नाहीं, तो हिशेबनिसाच्या वहींतहि होतो. एकाच गाडीच्या स्वस्त प्रकारांत दोन किंवा चार स्पीकर, महाग प्रकारांत सहा-आठ, आणि त्यांवर एखाद्या नामांकित ध्वनिकंपनीची मुद्रा, अशीं पत्रकें कंपन्या स्वतःच छापतात. म्हणजे खालच्या प्रकारांतील आवाजांत सुधारणेला जागा आहे, ही कबुली प्रतिपक्षानेंच लिहून दिलेली आहे.

दुसरा मुद्दा असा कीं, गाडी जशी घडली तशीच ठेवणें हें तिचें मूळ रूप राखणें होय. इतिहास याच्या उलट आहे. मोटारींतील संगीताचा प्रसार ग्राहकानें बाहेरून आणून बसविलेल्या यंत्रांनीं झाला. अमेरिकेंत गॅल्विन यांच्या कंपनीनें १९३० सालीं ‘मोटोरोला’ या नांवाचा मोटार-रेडिओ विक्रीस आणला. १९३२ सालीं जर्मनींत ब्लाउपुंक्टचा आला. गाडीच्या पोकळीचा विचार करून खास त्याच गाडीसाठीं रचलेला बोस कंपनीचा संच जनरल मोटर्सच्या कांहीं मॉडेलांत आला, तो १९८३ च्या सुमारास. ज्याला आज आपण मूळ रूप म्हणतों, तें काल कोणातरी हौशी मालकानें केलेल्या बदलाचें फळ आहे.

आतां दुसऱ्या बाजूचाहि समाचार घेतला पाहिजे. कारण बदल विकणारे न बदलणाऱ्यांइतकेच दोषी आहेत. डब्यावर ‘५० गुणिले ४ वॅट’ असे आंकडे ठळक छापतात. गाडीच्या विजेचा दाब एंजिन चालू असतां सुमारें १४ व्होल्ट असतो. तो दाब वाढविण्याची वेगळी योजना नसेल, तर एवढ्या बळावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ अशी शक्ति सिद्धान्तानें फार तर २५ वॅटच्या आसपास मिळेल. व्यवहारांत १५ ते २० वॅटच मिळते. मग पन्नास आले कोठून? ते क्षणिक, विकृत आवाजाच्या टोकाचे आहेत. शिवाय शक्ति दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलांनीं वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावा तर दहापट शक्ति लागते. तेव्हां वॅटच्या आंकड्यांवर भुलणारा ग्राहक संगीत विकत घेत नसून अंकगणिताचा गैरवापर विकत घेतो.

खरी अडचण कमी आवाजाची नाहींच. ती कोलाहलाची आहे. महामार्गावर वेगानें जाणाऱ्या साधारण गाडींत चाकांचा व वाऱ्याचा आवाज ६५ ते ७० डेसिबल सहज असतो; माणसांचें नित्याचें बोलणें सुमारें ६० चें. अशा स्थितींत विलंबित ख्यालाचें काय होतें तें पाहा. तंबोऱ्याची आंस आणि मंद्रांतील आलाप रस्त्याच्या घरघरींत बुडून जातात. श्रोता आवाज वाढवितो. आणि द्रुतांतली तान आली कीं तीच वाढ कानावर आदळते. एका लयींत, एका पातळीवर कुटल्या जाणाऱ्या सिनेसंगीताचें यांत फारसें बिघडत नाहीं. नुकसान होतें तें ज्या संगीतांत शांततेलाहि अर्थ आहे त्याचें, म्हणजे आपल्या रागसंगीताचें. आमच्या शहरांतील कुटुंबांची करमणुकीची खोली टेलिव्हिजननें व्यापिली आहे. सलग तासभर गाणें ऐकण्याची जागा अनेकांना आतां घर-कचेरीच्या वाटेवरच उरली आहे. ती जागा बधिर राहूं देणें ही काटकसर नव्हे, संस्कृतीविषयींची बेफिकिरी आहे.

म्हणून सुधारणेचा क्रम ठरलेला असावा. प्रथम दारें. दाराच्या आंतल्या पत्र्याला मोठालीं भोकें असतात. स्पीकरच्या मागचा नाद त्यांतून येऊन पुढच्या नादाला मारतो, आणि खर्ज पोकळ होतो. तीं भोकें बुजवून पत्र्यावर ब्यूटिल रबराची चादर चिकटविली कीं पत्र्याची खडखड थांबते आणि तोच स्पीकर अधिक भरदार बोलूं लागतो. नंतर पुढच्या दोन दारांत चांगले स्पीकर. मागच्यांची घाई नको, कारण गायक पाठीमागें बसून गात नसतो. त्यानंतर लहानसा, निराळा अँप्लिफायर. त्याची तार बॅटरीपासून स्वतंत्र आणावी व फ्यूज बॅटरीजवळच असावा. कंपनीच्या तारा कापूं नयेत. जोडणी कपलरनेंच करावी, नाहींतर आगीचा धोका आणि हमीवर पाणी, दोन्ही पदरीं पडतात. शेवटीं काळाची जुळणी: चालक उजव्या स्पीकरजवळ बसतो, डावा अर्धा मीटर जरी अधिक दूर असला तरी त्याचा नाद सुमारें दीड सहस्रांश सेकंद उशिरां पोंचतो, आणि गायक उजव्या दारांत कोंडला जातो. जवळच्या स्पीकरला तितकाच विलंब दिला कीं तो समोर येऊन बसतो.

यांत मागच्या पेटींतला तो धडधडणारा राक्षस कोठेंच आला नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. सबवूफर निषिद्ध नाहीं. परंतु जो नाद रस्त्यावरच्या खिडक्या हलवितो तो ऐकण्यासाठीं नसून दाखविण्यासाठीं असतो. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. गाडीबाहेर ऐकूं येणारी सुधारणा ही सुधारणाच नव्हे. आंतहि मर्यादा हवीच: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबलचा नाद आठवड्यांत ४० तास सोसतो, ९० चा अवघे चार.

राहिला कंपन्यांचा नवा डाव. पूर्वी संच ठराविक मापाचा असे. चार खिळे काढले कीं तो बदलतां येई. आतां अनेक गाड्यांत वातानुकूलन, मागचा कॅमेरा आणि संगीत हीं सगळीं एकाच पडद्यांत गुंफून ग्राहकाच्या हातांतला पेंचकस काढून घेतला आहे. यावर उपाय दुकानदाराजवळ थोडा आहे, गिऱ्हाइकाजवळ पुष्कळ. गाडी पाहावयास जातांना आपण मायलेज विचारतों, रंग विचारतों. त्याच वेळीं आपल्या आवडीचें गाणें लावून, दारें लावून, पांच मिनिटें मुकाट्यानें ऐकावें. आणि तें नीट वाजत नसेल तर तसें तोंडावर सांगावें. ज्या दोषाची तक्रार कोणी करीत नाहीं, तो दुरुस्त करण्याचा खर्च कोणताहि कारखानदार आपण होऊन करीत नसतो.