बँजो कोणाचा?

ज्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्या काळ्या गुलामांनीच भोपळ्यावर कातडे ताणून बँजो घडविला. गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून, त्यांचीच टिंगल करीत तो रंगमंचावर वाजविला. पुढे तो गोऱ्यांचेच वाद्य ठरला. वाद्य घेतले, माणूस नाकारला! हे आपल्याला नवे नाही.

२००५ नंतर रिअॅनन गिडन्स व तिचे साथीदार नॉर्थ कॅरोलिनातील वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन जुन्या चाली शिकले. त्यांच्या ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ला २०११ मध्ये ग्रॅमी मिळाले. पुरस्कार ठीकच, पण काळ्या पोरांनी आपले वाद्य परत मागितले, ही खरी बातमी. थॉम्पसन २०१२ साली गेले. २०२४ मध्ये बियॉन्सेच्या गाण्यात वाजला तो गिडन्सचा बँजो.