अठरा पूर्ण झाली, आता दवाखाना कोणता?

भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या वस्तीत सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा अठरा वर्षांचा होतो. मतदार यादीत नाव घालायचा त्याला हक्क मिळतो आणि त्याच वेळी आरोग्य खात्याच्या बालकांच्या कार्यक्रमातून तो बाहेर पडतो. पुढे त्याला कोणी तपासायचे, हे घरच्यांना कुणी सांगत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात; दोष आढळला तर जिल्ह्याला पाठवतात. कार्यक्रम चांगलाच आहे. पण त्याची हद्द १८ वर्षे. आणि जे मूल आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले, किंवा शाळेने कधी दाखलच करून घेतले नाही, ते त्या यादीत मुळात आलेच नसते.

अठरानंतर प्रौढांच्या ओपीडीत नवा केसपेपर निघतो. फिट येण्याच्या गोळीचा डोस वजनाप्रमाणे बदलतो. कधी, का बदलला, हे फक्त आईला माहीत असते. ती मजुरी बुडवून पन्नास-साठ किलोमीटरवर जालन्याला येते, रांगेत उभी राहते आणि दोन मिनिटांत अठरा वर्षे सांगते. मुलगी असेल तर पाळीबद्दल, लग्नाबद्दल तिलाच काही विचारावे, असे डॉक्टरांनाही सुचत नाही, घरच्यांनाही नाही. हे आपल्या समाजालाही लागू आहे, हे आम्ही मान्य करतो.

कागदांचा घोळ वेगळाच. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावे लागते. शस्त्रक्रियेसाठी आईबापांची सही आपोआप पुरत नाही, कारण कायद्याने मूल सज्ञान झालेले असते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचे विमा संरक्षण आहे. पण जो तरुण स्वतः समजून निर्णय घेऊ शकतो, त्याच्यावर पालक लादू नये. सही त्याचीच घ्यावी, समजावून.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम २५ ग्रामीण भागात जवळच मोफत उपचार (उत्पन्नाच्या अटीवर), अडथळामुक्त दवाखाना आणि रांगेत प्राधान्य देते. मात्र बालरोग विभागाने आपला रुग्ण प्रौढ विभागाकडे कसा सोपवायचा, याची एक ओळही त्या कलमात नाही. आमच्या मते सगळी गळती इथेच होते.

मागणी म्हणून फार मोठे काही नको. सोळाव्या वर्षापासून तयारी, अठराव्या वर्षी दोन पानांचा लेखी सारांश: निदान, औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया, पुढचा डॉक्टर कोण. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रौढ दिव्यांगांसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस तिथे मागता येईल. जाण्यायेण्याच्या गाडीचा खर्च ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधीतून मागावा. तो निधी कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारले की बरेच चेहरे उतरतात, हा अनुभव कार्यकर्त्यांना नवा नाही.

विहारात येणाऱ्या तरुणांनी या महिन्यात एवढेच करावे: आपल्या गावातील सोळा ते वीस वयाच्या दिव्यांग मुलामुलींची यादी करावी आणि त्यांच्या घरी बसून जुने केसपेपर एका फाइलमध्ये लावून द्यावेत.