सार्वजनिक कला कुणाची? काळ्या घोड्यापासून रमाबाई नगरापर्यंत

मुंबईत सार्वजनिक कला बघायची म्हटले की सगळ्यांचे बोट फोर्टाकडे वळते. रविवारी सकाळी निघणारे हेरिटेज वॉक तिथेच फिरतात. फ्लोरा फाउंटन, राजाबाई टॉवर, काळा घोडा, सीएसएमटीच्या भिंतीवरचे दगडी प्राणी. लोक माना वर करून बघतात, फोटो काढतात आणि आपण शहरातील शिल्पकला 'शोधली' या समाधानात घरी जातात. बघावे, जरूर बघावे. त्या दगडावर छिन्नी चालवणारे हात याच मातीतले होते. पण या शोधात एक शिल्प कधीच सापडत नाही. वस्तीच्या तोंडाशी, चाळीच्या पटांगणात, बुद्धविहाराच्या दारात, निळ्या कोटातला, हातात संविधान घेतलेला बाबासाहेबांचा पुतळा. त्याला कुणी कला म्हणत नाही. पोलिसांच्या भाषेत ते 'संवेदनशील ठिकाण', महापालिकेच्या भाषेत 'विनापरवाना बांधकाम' आणि कलासमीक्षकांच्या भाषेत काहीच नाही.

माझा दावा सरळ आहे. या शहरात सार्वजनिक कला या नावाला खऱ्या अर्थाने पात्र असे काही असेल, तर ते हेच शिल्प आहे.

आधी 'सार्वजनिक' हा शब्द तपासू. हा शब्द आपल्या समाजाला फुकट मिळालेला नाही. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. म्हणजे त्याआधी 'सार्वजनिक' या शब्दात आपण नव्हतोच! आणि ठराव झाला म्हणून पाणी मिळाले का? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. नंतर सवर्णांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. ते तळे सगळ्यांचे आहे हे उच्च न्यायालयातून मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. एका तळ्यासाठी दहा वर्षे. ज्या समाजाने चौक, रस्ता आणि पाणी यांवरचा हक्क असा लढून मिळवला, त्याने चौकात काय उभे केले याची नोंद कलेच्या इतिहासात नसावी?

आता फोर्टातल्याच वाटेने जाऊ, पण डोळे उघडे ठेवून. काळा घोडा म्हणजे काय? प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, घोड्यावर बसलेला पुतळा. शिल्पकार बोहम, देणगीदार अल्बर्ट ससून, साल १८७९. १९६५ मध्ये तो पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. चौकाला नाव मात्र घोड्याचेच राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला. या घोड्यावर स्वार नाही. राजा वगळला, राजाच्या काळाची हुरहूर ठेवली. कुणाला खुपू नये आणि कुणाला प्रश्न पडू नये, अशी ही कला.

त्याच चौकात एल्फिन्स्टन कॉलेज आहे. भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने याच कॉलेजातून बी. ए. केले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो शिकत होता. त्या वर्षांत एडवर्डचा घोडा समोर चौकातच उभा होता. बडोद्याच्या गादीचा आणखी एक संबंध या परिसराशी आहे. सयाजीरावांच्या आधीच्या पिढीतील खंडेराव गायकवाडांनी व्हिक्टोरिया राणीचा भव्य संगमरवरी पुतळा मुंबईला भेट दिला होता. तोही जागेवरून हटला आणि भायखळ्याला गेला. एकाच गादीची दोन दाने बघा. राणीचा संगमरवर अडगळीत पडला आणि महार विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती देशाच्या संविधानापर्यंत पोहोचली. वॉकमध्ये घोड्याची गोष्ट अर्धा तास चालते. समोरच्या कॉलेजातल्या या विद्यार्थ्याची गोष्ट किती जण सांगतात?

तिथून चार पावलांवर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईचे नाव धारण करणारा, १८७८ मध्ये पूर्ण झालेला. त्याच्या वरच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातील वेगवेगळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत. ते घडवणाऱ्याचे नाव रावबहादूर मुकुंद रामचंद्र. कौशल्य मोठे आहे यात वाद नाही. पण तिथे जात कशी दिसते? पागोटे, अंगरखा, उभे राहण्याची ढब. जात म्हणजे नुसता पोशाख, नुसती विविधता! कोण कुणाच्या विहिरीवर जाऊ शकत नव्हता, कुणाची सावली कुणाला चालत नव्हती, यातले काहीही त्या दगडात नाही. जातीची उतरंड विद्यापीठाच्या माथ्यावर सजावट होऊन बसली आहे आणि आपण खाली उभे राहून 'वा' म्हणतो.

त्याच ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला, विज्ञान संस्थेजवळ, बाबासाहेबांचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. टॉवरवरची माणसे जातीचे नमुने म्हणून उभी आहेत. हा माणूस जातीचे निर्मूलन सांगणारा म्हणून उभा आहे. या दोन शिल्पांमधले अंतर पायी काही मिनिटांचे, विचारांचे मात्र अख्ख्या युगाचे. शिल्पकलेचा अभ्यास करायचा तर यापेक्षा चांगला धडा मुंबईत कुठे मिळेल?

वस्तीतल्या पुतळ्यांवरचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. डोके मोठे झाले, हात आखूड झाला, रंग भडक आहे. ठीक. ब्राँझ परवडत नाही म्हणून सिमेंट, प्लास्टर, फायबर येते. हातावर पोट असलेल्या घरांतून वर्गणी गोळा होते. सफाई कामगार देतो, घरकाम करणारी ताई देते, रिक्षावाला देतो. जमतील तेवढ्या पैशांत मूर्तिकार काम करतो. काळ्या घोड्याला ससून होता, राजाबाईला प्रेमचंद होते. या पुतळ्याला अख्खी वस्ती आहे. मग सार्वजनिक कोणते आणि खासगी कोणते, तुम्हीच ठरवा.

आणि हे शिल्प वाचायला शिका. सूट, टाय, बूट, खिशाला पेन, हातात ग्रंथ, उंचावलेले बोट. हे सगळे साचेबद्ध आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मनुस्मृती उघडावी. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा नियम त्यात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्यांच्या नेतृत्वाखाली ती पोथी जाळली गेली, त्यांच्या अंगावर शिल्पकाराने स्वच्छ, नीट शिवलेला सूट का घातला, हे मग समजेल. ज्यांना अक्षर नाकारले त्यांच्या नेत्याच्या हातात ग्रंथ का, हेही समजेल. बुद्धाच्या प्रत्येक मुद्रेचा अर्थ लावणाऱ्या कलेतिहासाला या बोटाचा अर्थ लावता येऊ नये? येतो. लावायचा नसतो.

या परंपरेला इतिहासही आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले, बाबासाहेब हयात असताना. १९६७ मध्ये संसदेच्या आवारात बसलेला पुतळा ब्रह्मेश वाघ या मराठी शिल्पकाराचा. देशभर जी प्रतिमा पसरली तिची मुळे इथे आहेत. आधुनिक भारतीय शिल्पकलेच्या किती पुस्तकांत ही नावे सापडतात?

आता या विषयातली सगळ्यात कडू गोष्ट. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० माणसे मेली. पुढे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला दोषी धरले, तोवर बारा वर्षे उलटली होती. या शहरात काळ्या घोड्यासाठी कुणाला प्राण द्यावे लागले नाहीत. राणीचा पुतळा हलवला तेव्हा कुणाच्या छातीत गोळी घुसली नाही. एका सिमेंटच्या अर्धपुतळ्यासाठी १० जीव गेले, कारण तो पुतळा म्हणजे त्या वस्तीची माणूस म्हणून असलेली ओळख होती. हार घालणाऱ्यालाही हे पक्के माहीत होते. म्हणून ठिकठिकाणी बाबासाहेबांचे पुतळे लोखंडी जाळीत उभे दिसतात. ती जाळी हासुद्धा त्या शिल्पाचाच भाग समजून बघा. हा समाज कसा आहे, हे त्या गजांवर स्पष्ट लिहिलेले आहे.

कायद्याचे काय, असे विचारणारे येतीलच. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे उभारायला मनाई केली. राज्यात पुतळ्यासाठी परवानग्या लागतात, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नियम असावेत, आमचा विरोध नाही. पण नियमांच्या राज्यात मालवणच्या राजकोट किल्ल्यावर काय झाले? डिसेंबर २०२३ मध्ये गाजावाजा करून अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. सत्तेने घाईत उभारलेला पुतळा नऊ महिने टिकला नाही. वस्तीच्या वर्गणीचे पुतळे मात्र दरवर्षी १४ एप्रिलला नव्याने रंगवले जातात आणि उभे राहतात. देखभाल कशाला म्हणतात, हे सरकारने तिथे जाऊन शिकावे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. बाबासाहेब विभूतिपूजेच्या विरोधात होते. १९४३ मध्ये रानड्यांच्या १०१व्या जयंतीच्या भाषणात त्यांनी ती झोडपली, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. मग पुतळे कशाला? याचे उत्तर टाळता येणार नाही. पुतळ्याला नारळ फोडून, पाया पडून, निवडणुकीपुरता हार घालून मोकळे होणे ही पूजाच आहे आणि ती सोडलीच पाहिजे. पण ज्या पुतळ्याखाली मुलांची अभ्यासिका चालते, बैठक बसते, अत्याचाराच्या बातमीवर माणसे जमतात, तो पुतळा देव नाही. तो वस्तीचा फलक आहे, 'इथे आम्ही राहतो आणि आम्ही वाकत नाही' असे सांगणारा.

हीच कसोटी इंदू मिलच्या स्मारकालाही लावा. २०१५ मध्ये भूमिपूजन झाले, पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फुटांवर नेली, तारखा मात्र पुढे जात राहिल्या. उंची वाढवणे सत्तेला सोपे असते. त्याच सत्तेला शिष्यवृत्ती वेळेवर द्यायला सांगा, मग बघा. ३५० फुटांच्या पायाशी ग्रंथालय गजबजलेले नसेल, तर तोही एक स्वार नसलेला घोडाच ठरेल.

म्हणून काही कामे आपणच हातात घ्यायला हवीत. प्रत्येक वस्तीतील पुतळ्याची नोंद करा. कधी बसवला, कुणी घडवला, वर्गणी कशी जमली, उद्घाटन कुणी केले. वृद्ध माणसे आहेत तोवर विचारून घ्या. मूर्तिकाराचे नाव चौथऱ्यावर कोरा. नगरसेवकाचे नाव मोठे आणि कलावंताचे नाव गायब, हे आता पुरे. आपल्या मुलामुलींनी आपले वॉक काढावेत. एल्फिन्स्टनपासून सुरुवात, राजाबाईच्या कोनाड्यांवरून विज्ञान संस्थेजवळच्या पुतळ्याकडे, तिथून फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजकडे. पुढे लोकलने दादर, चैत्यभूमी. शेवट घाटकोपरला, रमाबाई नगरात. आणि महापालिकेने शहरातील सार्वजनिक कलेची यादी केली, तर त्या यादीत या पुतळ्यांना जागा मागा. भीक म्हणून मागू नका. चवदार तळ्याचे पाणी ज्या हक्काने ओंजळीत घेतले, त्याच हक्काने मागा.

जय भीम! जय संविधान!