शाळेच्या छपराचा कौल लोकांकडून घ्या

ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे तशाच दुर्घटनेत सात मुले दगावली, आणि त्यानंतर देशभरच्या शाळांच्या इमारतींची तपासणी करण्याचे निर्देश केंद्र सरकारने दिले. तपासणी आवश्यकच आहे. परंतु तपासणीने छप्पर दुरुस्त होत नाही. त्यास पैसा लागतो, आणि तो पैसा किती, कोणी द्यावयाचा व त्याचा हिशेब कोणापुढे ठेवावयाचा, हा प्रश्न ज्यांची मुले त्या छपराखाली बसतात त्या लोकांपुढे आपल्या राज्यव्यवस्थेने सरळपणे कधी मांडलेलाच नाही.

शाळेची इमारत एका पावसाळ्यात मोडकळीस येत नाही. गच्चीवरचे पन्हळ पालापाचोळ्याने तुंबते, साचलेले पाणी झिरपत स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते, आणि फुगलेली सळई आपल्याखालचे काँक्रीट ढकलून पाडते. प्रथम गिलाव्याचे पोपडे मुलांच्या वह्यांवर पडतात, पुढे सळया उघड्या दिसू लागतात, आणि अखेर मुख्याध्यापक त्या खोलीस कुलूप लावून तिसरी आणि चौथी या दोन्ही इयत्ता एका खोलीत पाठीला पाठ लावून बसवतात. कौलारू शाळेची तऱ्हाही निराळी नाही: फुटलेल्या एका कौलाखाली वासा भिजतो आणि भिजलेल्या वाशाला वाळवी लागते. पन्हळ साफ करण्यास एक मजूर व एक सकाळ पुरते. ते वेळच्या वेळी झाले नाही म्हणजे काही वर्षांनी त्याच खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो आणि नव्या खोलीसाठी लाखो रुपयांची तरतूद शोधावी लागते.

ही तरतूद मिळवण्याचा मार्गही लांबचा आहे. मुख्याध्यापकाचे पत्र केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत वर जाते; बांधकाम विभागाचा अभियंता अंदाजपत्रक करतो; मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि दुरुस्तीचा खरा मोसम जी उन्हाळ्याची सुट्टी, ती पुष्कळदा या कागदांतच सरून जाते. त्यातच २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक जिल्हा परिषदांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला; त्यामुळे ज्या सदस्याच्या दारात जाऊन गावकऱ्यांनी जाब विचारावा, तो सदस्यच उरला नाही.

शाळेसाठी स्थानिक रयतेने पैसा द्यावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही; नवी आहे ती तिची संमती घेण्याची कल्पना. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखण्यात आला, परंतु तो देणाऱ्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. आणि सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो, त्याचा शिक्षणातील लाभ मात्र वरच्या वर्गांकडे जातो, ही तक्रार महात्मा फुले यांना १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे लेखी मांडावी लागली. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे जे विधेयक आणले, त्यात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी खास कर बसवण्याची मुभा होती, आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा अशी त्यांची योजना होती. ते विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तरी त्यातील प्रमाण आजही विचारात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात शाळांच्या दुरुस्तीसाठी शालेय जिल्ह्याला कर्जरोखे काढावयाचे असल्यास तेथील मतदारांचा कौल घ्यावा लागतो, कारण ते कर्ज त्यांच्याच घरांवरील करातून फेडावयाचे असते. पूर्वी यासाठी दोनतृतीयांश मते लागत; नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनीच ही अट ५५ टक्क्यांवर आणली, परंतु त्याबरोबर कामांची यादी आधी जाहीर करण्याचे, हा पैसा पगारावर न खर्चण्याचे, दरसाल लेखापरीक्षण करण्याचे आणि नागरिकांची देखरेख समिती नेमण्याचे बंधनही घातले. या पद्धतीत एक मोठे वैगुण्य आहे: श्रीमंत वस्तीला जेवढी रक्कम सहज उभी करता येते, तेवढी गरीब वस्तीला येत नाही. तरीही करदात्याला आकडा सांगून त्याची अनुमती मागणे, आणि अनुमती मिळाल्यावर त्याच्याच प्रतिनिधींना हिशेबाच्या वह्या दाखवणे, हा त्या पद्धतीचा गाभा आपण निःसंकोच स्वीकारावा.

माझे म्हणणे असे की, प्रत्येक जिल्हा परिषदेने व महापालिकेने आपल्या शाळांच्या दुरुस्तीची खोलीनिहाय यादी, तिचा खर्च, त्यासाठी काढावयाचे कर्ज, त्याच्या फेडीची मुदत आणि दर घरामागे पडणारा कर, हे सारे छापून ग्रामसभांपुढे व शहरांत प्रभागांतील मतदारांपुढे कौलासाठी ठेवावे, आणि त्यासाठी कायद्यात लागेल ती सुधारणा विधिमंडळाने करावी. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, तेव्हा स्थानिक संस्थेला असे कर्ज मिळत नाही हे म्हणणे टिकत नाही. पाण्याची पट्टी वसूल होते, शाळेची होत नाही, म्हणून सावकार कचरेल हे खरे; परंतु १९६२ च्या कायद्यान्वये शहरांतील घरमालक मालमत्ता कराबरोबर राज्य शासनासाठी शिक्षण करही भरत आले आहेत, आणि त्याचा एक ठराविक भाग या कर्जाच्या फेडीस बांधून दिला तर ती अडचणही निवारता येईल.

गावकऱ्यांनी पुन्हा का द्यावे, त्यापेक्षा लोकवर्गणी बरी, असे काहीजण म्हणतील. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळांविषयी मला आदरच आहे. परंतु वर्गणी देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, आणि बागायती गावात ती जितकी जमते तितकी जव्हारच्या किंवा धारणीच्या पाड्यावर जमणार नाही. म्हणून कर जिल्ह्यावर पसरावा, सर्वांत निकडीची खोली आधी घ्यावी आणि दुर्बल तालुक्यांसाठी राज्याने गोखल्यांच्या प्रमाणाने दोन हिस्से उचलावेत. माझी मुले त्या शाळेत नाहीत, मग मी का भरू, असे विचारणाऱ्यालाही उत्तर दिले पाहिजे: मतदान केंद्र म्हणून, पुरात आसरा म्हणून आणि आपल्या शेतात व कारखान्यात राबणाऱ्या माणसांच्या मुलांची एकमेव शाळा म्हणून ती इमारत त्याचीही आहे. तीस वर्षे टिकणाऱ्या कामाचा भार कर्जाच्या रूपाने तीस वर्षांवर वाटला जावा, हेही न्यायाचेच आहे.

देखरेखीसाठी नवी यंत्रणा नको. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया नेमलेल्या आहेत. मोजमाप पुस्तिका त्यांच्यापुढे वाचली जावी आणि त्यांच्या सहीवाचून ठेकेदाराचे अखेरचे देयक निघू नये. कायदा बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट मात्र आताच करता येईल: २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेच्या प्रत्येक खोलीची स्थिती व दुरुस्तीचा आकडा मागावा, तो इतिवृत्तात नोंदवून ठराव जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकापूर्वी पाठवावा, आणि काम मे महिन्यात सुरू होणार आहे की नाही हे १ मेच्या ग्रामसभेत उभे राहून विचारावे.