हेल्गोचे फुटके साचे

स्टॉकहोमच्या पश्चिमेस, मेलारेन सरोवरातील हेल्गो येथे विल्हेल्म होल्मक्विस्ट यांनी १९५४ साली उत्खननास प्रारंभ केला, आणि स्वातच्या खोऱ्याकडून कित्येक मुलुख ओलांडून तेथवर पोहोचलेली बुद्धाची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती १९५६ साली मातीतून वर आली, तेव्हापासून हेल्गोचे नाव निघाले की प्रथम बुद्धाचे स्मरण व्हावे असा प्रघातच पडून गेला आहे. भारतीय वाचकास त्या मूर्तीविषयी आत्मीयता वाटणे स्वाभाविक आहे; मलाही ती वाटते. तथापि हेल्गोचे खरे वैभव त्याच भूमीतून निघालेल्या मातीच्या फुटक्या साच्यांत आहे, असे माझे निश्चित मत आहे.

इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत येथे ओताऱ्यांच्या कार्यशाळा भरभराटीत होत्या. वस्त्र अडकविण्याचे उठावाच्या नक्षीचे ब्रोच आणि बंदांच्या गुंड्या येथे घडत. नमुन्यावर माती दाबून साच्याचे दोन भाग करावयाचे, ते वाळवून जुळवावयाचे, भाजावयाचे, मुशीत वितळलेले कांसे त्यांत ओतावयाचे आणि धातू निवाला की साचा फोडून दागिना मोकळा करावयाचा, असा हा क्रम असल्यामुळे प्रत्येक ओतकामाबरोबर साच्याचा नाश अटळ होता. दागिना गिऱ्हाइकाबरोबर दूर गेला, कोणाच्या थडग्यात पुरला गेला किंवा पुन्हा मुशीत पडला; साच्याची खापरे मात्र कार्यशाळेच्या उकिरड्यातच राहिली, आणि नष्ट झालेल्या दागिन्याची रेघन् रेघ त्यांच्या आतल्या अंगास उलटी उमटून राहिली. असे हजारो तुकडे म्हणजे त्या कारखान्याचे दप्तरच होय. कोणती नक्षी पुन्हापुन्हा ओतली गेली, धातू कोणत्या वाटेने आत सोडला गेला, याचे दाखले त्यांत मिळतात. मुशींना चिकटलेल्या अवशेषांवरून धातूंच्या मिश्रणाची खातरजमा करता येते. बुद्धमूर्ती हेल्गोचे दूरचे संबंध सांगते, परंतु हेल्गोच्या माणसाचा हात कसा चालत होता हे तिला सांगता येत नाही.

म्हणून उत्खननाच्या खर्चाचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी खोदाईच्या मजुरीइतकीच चाळणीची आणि त्यानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या जुळवाजुळवीची तरतूद केली पाहिजे. आणि वस्तुसंग्रहालयांनी अशी खापरे कोठारात न कोंडता, त्यांतून काढलेल्या सुलट ठशांसह, मूर्तीच्याच दालनात मांडली पाहिजेत.